जात्यावरची चाल

सालोमीबाईंनी जात्यावरच्या ओवीच्या चालीत येशूचं गीत बांधलं आणि मंडळीतल्या बायका ते उपासनेत डोलत म्हणू लागल्या. विलायती चालींवर पोसलेले रेव्हरंड ओहोळ भडकले. ऐन प्रभुभोजनाच्या वेळी, भाकर हातात धरून ते गरजले, “दळणाची गाणी देवळात नकोत! पुन्हा ऐकली तर बाईंना बाहेर बसवीन.”

सालोमीबाई पदर सावरत उठल्या. “मग साहेब, ती भाकर आधी खाली ठेवा.”

“का म्हणून?”

“तिचं पीठ बारा वर्षं मीच दळतेय, हीच चाल म्हणत. घशाखाली उतरताना पवित्र, आणि घशातून वर येताना बाटते होय?”

रेव्हरंडांनी भाकरीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, “हं... दुसरं कडवं घ्या.”