अर्ध्या गोष्टीचा मासा

एका राज्यात एके सकाळी सगळ्या भाकऱ्या एकाच बाजूने भाजल्या. उलटल्या, तर खाली जाळ पेटता असूनही तवा थंड. त्याच सकाळी न्हाव्यांचे वस्तरे अर्ध्या दाढीवर अडले, विणकरांची लुगडी पदराला येऊन थांबली, आणि राजवाड्यात राजकन्या मृणालवतीच्या लग्नात भटजींनी 'शुभमंगल' म्हटले, पण 'सावधान' काही त्यांच्या तोंडून निघेना. अंतरपाटाच्या अलीकडे हार घेऊन राजकन्या उभी, पलीकडे हार घेऊन राजपुत्र अरिंजय उभा. दुपारी पाहुणे उपाशी उठले. दुसऱ्या दिवशी नवा मुहूर्त काढला, पुन्हा तेच. पुढे रोज तेच.

याला कारण राजा. त्याचे नाव धैर्यधर. नावे बारशाला ठेवतात, आणि त्या दिवशी माणसाचा स्वभाव कोणी पाहिलेला नसतो. या राजाने तीन किल्ले बांधायला काढले होते आणि एकालाही दरवाजा नव्हता. वीणा तो जुळवण्यापुरती शिकला होता. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कपिलाक्ष नावाचा जादूगार पाहुणा म्हणून आला, आणि पाहुण्याने भरल्या दरबारात गोष्ट सांगावी हा तिथला रिवाज. गोष्टीतला नायक तिसऱ्या दाराशी पोचला, तेव्हा राजा जांभई देऊन उठला आणि नवा घोडा पाहायला पागेत गेला.

जादूगार रागावला नाही. जादूगार रागावत नाहीत, ते शाप देतात.

"गोष्ट अर्धी टाकून उठणाऱ्याच्या राज्यात यापुढे काहीही पुरे होणार नाही," असे म्हणून त्याने गोष्टीचा उरलेला अर्धा भाग मुठीत धरला आणि सीमेवरच्या नदीत सोडून दिला. एका माशाने तो गिळला. मासा रुपेरी, कल्ल्यापाशी तांबडा ठिपका. तो तीनदाच वर येईल, एकदा शरदात, एकदा शिशिरात, एकदा ग्रीष्मात. राजाने तो स्वतःच्या हाताने धरून उरलेली गोष्ट परत मिळवावी. जाळे चालणार नाही. जिवंत आमिषही चालणार नाही, कारण तो मासा पिसांचे खोटे किडेच खातो. ग्रीष्मातही हुकला तर तो समुद्राला जाईल आणि शाप कायम होईल. एवढे सांगून जादूगार गेला. जाताना स्वतःचे ताट मात्र त्याने चाटूनपुसून संपवले होते.

दहा दिवस राजाने वैद्य, ज्योतिषी आणि मंत्री यांना कामाला लावले. त्यांच्याकडून अर्धे अर्धे उपाय आले. अकराव्या दिवशी मांडवातून राजकन्येचा निरोप आला, म्हणून राजा तिला भेटायला गेला. तिने हार खाली ठेवला नाही.

"तात, मला हे लग्न नको असते तर मी सांगितले असते. हवे आहे, म्हणून उभी आहे. हात दुखतात."

"किती दिवस उभी राहशील?"

"तुम्ही किती दिवस लावाल?"

राजा नदीवर गेला. बरोबर छत्र, चवऱ्या आणि चोपदार. चोपदाराने ललकारी दिली, ती अर्ध्यात अडकली, म्हणून त्याने पुन्हा पहिल्यापासून दिली. कोसभर अंतरातले मासे निघून गेले. पाण्यावर झुकलेल्या उंबराच्या फांदीवर एक खंड्या बसला होता, निळा, चोच लांब, मान आखूड. तो बोलला.

"राजा, यांना घरी पाठव. मासे बहिरे नाहीत."

आपल्याशी या सुरात आजवर कोणी बोलले नाही, हे राजाने त्याला सांगितले. ते दिसतेच आहे, असे खंड्याने कळवले. त्याचेही दुखणे होते. दरडीत त्याचे घरटे, घरट्यात तीन अंडी, आणि अंडी तडकून दहा दिवस झाले तरी पिल्लू बाहेर येत नव्हते. मादी त्याच्याशी बोलणे सोडून बसली होती. तेव्हा तो राजाला शिकवायला तयार होता, पण आवडीने नव्हे.

"काठावर काही करू नकोस, पुरे होणार नाही," खंड्या म्हणाला. "पाण्यात उतर. शाप राज्यावर आहे आणि राज्य पाण्याशी संपते."

जादूगार हद्दीच्या बाबतीत काटेकोर असतात. राजाला मात्र हे ऐकून आनंद झाला नाही. आपले अपयश शापाच्या माथी मारायची सोय गेली.

गुडघाभर पाण्यात उभे राहून राजाने खंड्याचे गळलेले पीस गळावर ठेवले आणि तांबड्या रेशमाने बांधले. पहिला किडा कुणीतरी चावून टाकल्यासारखा दिसत होता. सातवा किड्यासारखा दिसला. मग लवचिक बांबूची काठी आली, आणि दोरी त्या नव्या घोड्याच्याच शेपटीच्या केसांची वळली. पण पिसाला वजन नसते, ते फेकता येत नाही. फेकायची ती दोरी. काठी वर उचलावी, दोरी पाठीमागे जाऊ द्यावी, ती तिथे पुरती सरळ होईपर्यंत थांबावे, आणि मगच पुढे सोडावी. म्हणजे किडा पाण्यावर आपण होऊन बसल्यासारखा बसतो.

थांबावे, हा शब्द राजाला नवीन होता. दोरी मागे निघाली न निघाली तोच तो काठी पुढे हाणी. चाबकासारखा आवाज होई आणि किडा तुटून कुठेतरी जाई. एक फेट्यात रुतला, एक कानाला, बाकीचे उंबरावर. महिन्याभरात त्या उंबराला तांबडा फुलोरा आल्यासारखा दिसू लागला. राजाने काठीला दोष दिला, वाऱ्याला दिला, घोड्यालाही दिला.

"मागे गेलेली मागे पुरी जाऊ दे," खंड्या दिवसातून शंभरदा म्हणे.

शरदाच्या अखेरीस हिरवट पाण्यात तांबडा ठिपका दिसला. राजाने काठी उचलली, घाई केली, चाबूक वाजला. मासा खाली गेला. खंड्याने राजाकडे पाठ फिरवली आणि तीन दिवस तशीच ठेवली.

शिशिरात पाणी काचेसारखे झाले. मासे तळाशी सुस्तावले, मोठ्या किड्याकडे बघेनात. खंड्याने किडा मुगाएवढा आणि राखी रंगाचा करायला लावला. सावली पाण्यावर पडू नये म्हणून राजा पायांना मुंग्या येईपर्यंत वाकून उभा राहायला शिकला. आता दोरी मागे जाऊन सरळ होई, पुढे येई, आणि किडा धुक्यासारखा पाण्यावर उतरे. खंड्याने स्तुती केली नाही, पण निंदाही केली नाही. राजाने ती स्तुती समजून घेतली.

मासा वर आला. त्याने तोंड उघडले. राजाला कुठला दम धरवतो! त्याने तेवढ्यात हिसका दिला, आणि किडा उघड्या तोंडातून जसा गेला तसा बाहेर आला.

"त्याचे तोंड तरी मिटू द्यायचे होतेस," खंड्या म्हणाला. तो चिडलासुद्धा नाही. चिडण्यापलीकडे गेला होता.

त्या दुपारी राजा मांडवात गेला. हार तिथेच होता, फुले रोजची नवी. राजकन्येच्या मनगटांना आता मखराला लावतात तसे लाकडी टेकू लावले होते. राजा परत नदीवर गेला तो तिथेच राहिला. लहान लहान मासे धरू लागला, धरून सोडू लागला, आणि प्रत्येकाचे तोंड मिटण्याची वाट पाहू लागला.

ग्रीष्मात नदी आटून डोह तेवढा उरला. उंबरावरून काळ्या मुंग्या पाण्यात पडत, म्हणून राजाने काळा किडा बांधला, स्वतःच्या बुद्धीने. शेवटच्या दिवशी सूर्य वर येताना तांबडा ठिपका दिसला. दोरी मागे गेली, सरळ झाली, पुढे आली. किडा उंबराच्या सावलीत बसला. मासा आला, तोंड उघडले, तोंड मिटले. मग राजाने काठी उचलली.

मासा हातात आल्यावर बोलला. "राजा, गळ काढ आणि मला पाण्यात ठेव. कोरड्यावर मला गोष्ट आठवत नाही."

राजाने खंड्याकडे पाहिले. खंड्या चोचीने पंख साफ करत होता. राजाने गळ काढला आणि मासा पाण्यात ठेवला. मासा पळाला नाही. त्याने तिसऱ्या दारापासून सुरुवात केली.

तिसऱ्या दारामागे एक दालन होते, दालनात एक भाट होता, आणि तो नायकाला त्याच्या एकेचाळीस पूर्वजांची हकीकत ऐकवत होता, प्रत्येकाच्या हत्तींच्या नावांसकट. उन्हाने राजाची मान भाजली, पाण्याने पाय सुजले. दुपारी एकोणिसावा पूर्वज चालू होता. सत्ताविसाव्याला काठावर बांधलेला घोडा खिंकाळला. राजाला जांभई आली, आणि त्याचा उजवा पाय आपोआप काठाकडे वळला.

"राजा," खंड्या हळूच म्हणाला, "दोरी मागे गेली आहे. सरळ होऊ दे."

राजाने पाय परत पाण्यात रोवला. चौतिसाव्या पूर्वजापाशी त्याने एक प्रश्न विचारला, आणि तो उत्तर हवे होते म्हणून विचारला. मासा थोडा चकित झाला. उन्हे कलली तेव्हा एकेचाळिसावा पूर्वज झाला, नायकाला आपण कोण ते कळले, आणि मासा म्हणाला, "संपली." मग तो सावकाश उंबराखाली निघून गेला.

त्या क्षणी नगरात भटजींच्या तोंडून वर्षभर अडकलेले 'सावधान' असे निघाले की नदीवर ऐकू आले. अंतरपाट खाली आला, ताशे वाजले, वस्तरे चालले, तवे तापले. दरडीत तीन पिल्ले एकदम ओरडू लागली, आणि मादी खंड्याशी बोलली. काय बोलली ते त्याने राजाला सांगितले नाही.

राजा ओल्या पायांनी मांडवात पोचला तोवर हार गळ्यांत पडून गेले होते. राजकन्येने त्याच्यासाठी मूठभर अक्षता राखून ठेवल्या होत्या.

"तात, मासा कुठे आहे?"

"सोडला."

"मग वर्षभर केलेत काय?"

"गोष्ट ऐकायला शिकलो. बैस, सांगतो."

राजाने पहिल्यापासून सुरुवात केली. सातव्या पूर्वजापाशी प्रधान चुळबुळत उठू लागला. राजकन्येने त्याच्याकडे फक्त पाहिले, आणि तो बसला.

राज्यात जे अर्धे होते ते पुरे झाले. तुम्हीही मधेच न उठता बसलात, म्हणून तुमच्या घरची भाकरी दोन्ही बाजूंनी भाजो.