साळूची भूक

पांघरुणं घेतलीत ना सगळ्यांनी? पाय आत घ्या. मग ऐका.

नदीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. माणसं नावेतून पलीकडे जायची. संध्याकाळी नाव काठाला लागायची, तेव्हा कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरूनच कळायचं. कुणाकडे कुळथाचं पिठलं, कुणाकडे भाजलेली वांगी. त्या काठावर एक नावाडी राहायचा. त्याचं नाव भिवा. त्याची बायको मंजुळा, आणि त्यांची एकुलती एक लेक साळू.

साळू दिसायला गोड, बरं का. टपोरे डोळे, हसली की गालावर खळी. पण जन्मापासून तिचं अंग लुळं होतं. मान डाव्या खांद्यावर कलायची. बोटं मनासारखी वळायची नाहीत. तिला बोलता यायचं नाही, चावता यायचं नाही. बापाची हाळी ऐकली की मात्र अशी खिदळायची, की पाण्यावरचे बगळे उडायचे.

तिच्या लुळेपणाचं मंजुळाला ओझं वाटायचं नाही. उचलायचं, न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, सगळं ती ओव्या म्हणत करायची. तिला धास्ती होती ती एकाच वेळेची. चुलीवर भात रटरटायला लागला, की तिची ओवी अर्ध्यावर थांबायची. कारण घास पुढे आला, की साळू ओठ घट्ट मिटायची.

मंजुळाने काय काय नाही केलं! आधी गूळ घालून नाचणीची आंबील केली. साळूने ती जिभेने बाहेर ढकलली. मग भात दुधात कालवून पाण्यासारखा पातळ केला. तो तर सरळ घशात धावला आणि साळूला ठसकाच लागला. मग शेजारची कोंडाबाई आली, पदर खोचून.

"मंजुळे, फार लाड झाले. आडवी घे मांडीवर, नाक दाब आणि ओत. माझी पोरं अशीच वाढली."

कोंडाबाई मनाने वाईट नव्हती हो. तिला ठाऊक होतं तेवढं तिने सांगितलं. आणि दमलेल्या माणसाला कुणाचंही खरं वाटतं. मंजुळाने नाक दाबलं, पेज ओतली. साळू निळी पडली. डोळे पांढरे झाले. मंजुळाने तिला उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे तिचा श्वास परत आला.

त्या दिवसापासून साळूने तोंड उघडणंच सोडलं. ओल्या फडक्याने ओठ ओले करावेत, तेवढंच काय ते पोटात जायचं. गालावरची खळी गेली. बरगड्या दिसायला लागल्या.

"मंजुळे," भिवा हळूच म्हणाला, "पोर हातची जाते का गं?"

मंजुळाने फडकं पुन्हा ओलं केलं. पहाटे ती चूल सारवायला बसली, तर काय? चुलीपुढच्या राखेत इवलीइवली पावलं उमटलेली! ना मांजराची, ना उंदराची. पुढचं एक पाऊल फरफटत गेलेलं. पावलं उंबरा ओलांडून गेली होती, अंगणातून थेट नदीपर्यंत.

"मला पलीकडे सोडा," मंजुळा म्हणाली. भिवाने का म्हणून विचारलं नाही. त्याने साळूला नावेत निजवलं आणि वल्हं हातात घेतलं.

पलीकडे मोठं माळरान होतं. गवत कमरेएवढं. नाव काठाशी ठेवून भिवा लेकीजवळ बसला आणि मंजुळा गवतात शिरली. आणि तिथे, बाळांनो, भुका चरत होत्या! लेकरांच्या, घाबरून घरातून पळालेल्या भुका. खारीएवढ्या, मोठ्या कानांच्या, पोटं खपाटीला गेलेल्या. त्यात एक होती मान कललेली. डावीकडे, अगदी साळूसारखी. मंजुळाने तिला लगेच ओळखलं. आई आहे ना ती.

मंजुळाने झडप घातली आणि तिला मुठीत धरलं. पण मूठ उघडते, तो आत नुसतं गवत. लांबून बारीक आवाज आला, "न्यायला आलीस, की धरायला?"

मंजुळाने मुठीतलं गवत खाली सोडलं. लेकीचं नाक दाबलेलं तिला आठवलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. बरोबर वाटीत थोडी पातळ पेज आणि थोडा मऊ, घट्ट भात. गवतात बसली आणि तोंड फिरवून नदीकडे बघत राहिली. पुष्कळ वेळ गेला. मग वाळलं गवत सळसळलं. मंजुळाने नुसत्या डोळ्याच्या कडेने पाहिलं. भूक आली. आधी तिने वाटी हुंगली. मग पंजा बुडवला, पुसला, पुन्हा बुडवला. पेजेला तोंड लावलं, तर तिला ठसका लागला. पाठीवर पडून चाटायला गेली, तर पुन्हा ठसका. मग ती मंजुळाच्या गुडघ्याला पाठ टेकून ताठ बसली, हनुवटी जराशी खाली घेतली आणि भाताचं एक बोट चाटलं. थांबली. गिळलं. मग दुसरं.

मंजुळाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "एवढंच होतं का गं? आणि मी तुला आडवी पाडून ओतत होते!"

भूक तिच्या ओच्यात येऊन बसली. मंजुळा तशीच नावेत बसून घरी आली. पण दारात बघते तर निम्मा गाव! कोंडाबाई पुढे, हातात पळी. "आली का? चला, आज सगळ्या मिळून भरवू पोरीला!" गलका झाला, भांडी वाजली. ओच्यातली भूक थरथरली, टुणकन उडी मारली आणि गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आता मी बोलावून यायची नाही. माझं मला यावंसं वाटलं, तरच येईन."

मंजुळाने बायकांपुढे हात जोडले. "तुमची माया कळते मला. पण जेवणाच्या वेळी माझं घर निवांत असू द्या." कोंडाबाईला राग आला, ती फणकारून गेली. जाऊ दे. मंजुळाने दार मात्र उघडंच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी काय झालं? काहीच झालं नाही! मंजुळाने घट्ट मऊ भात केला, वर तुपाचा थेंब. साळूला भिंतीशी नीट ताठ बसवलं, कुशीला गोधडीच्या घड्या लावल्या. तिच्यापुढे वाटी ठेवली. मग भिवाचं पान वाढलं, आपलं वाढलं, आणि दोघं जेवायला बसली.

"तिला भरवायचं नाही?" भिवाने कुजबुजत विचारलं.

"ती आपल्यात बसलीय ना? तेवढं पुरे आज."

मंजुळाचं सगळं लक्ष साळूकडे होतं. तरी ती खात राहिली. भिवा नावेतल्या गमती सांगत राहिला, कुणाची पगडी पाण्यात पडली, कुणाची शेळी नावेत बसेना. साळूचा वाकडा हात हलला. वाटीत पडला. भात बोटांना लागला, कपाळाला लागला, केसांना लागला. भिवा पुसायला उठला, तशी मंजुळाने त्याला डोळ्यांनीच बसवलं. साळूने हात तोंडाशी नेला, चुकला. पुन्हा नेला. जीभ बाहेर आली. एक शीत आत गेलं.

उंबऱ्यावर खुडबुड झाली. मंजुळाने मान वळवली नाही. लंगडं पाऊल राखेवरून आत आलं, साळूच्या मांडीवर चढलं आणि दिसेनासं झालं.

मग मंजुळाने बोटावर थोडासा भात घेतला आणि साळूच्या ओठांपुढे धरला. लावला नाही, बरं का, नुसता धरला. साळूने तिच्याकडे पाहिलं. आणि तोंड उघडलं. इवलंसं, चिमणीच्या पिलाएवढं. मंजुळा थांबली. साळूने गिळलं. चौथ्या-पाचव्या बोटानंतर साळूने ओठ मिटले, तेव्हा मंजुळाने वाटी बाजूला केली. "झालं का बाय माझं? बरं."

साळू काही एका दिवसात धट्टीकट्टी झाली नाही. तिला कधी चावता आलं नाही, की बोलता आलं नाही. कधी दोन दिवस नुसता ताकभात, कधी काहीच नाही. पण अंग भरलं, खळी परत आली. एके दिवशी मंजुळा वाटी उचलायला गेली, तर साळूने वाकड्या हाताने वाटी खाली दाबून धरली. आणखी पाहिजे! मंजुळा हसता हसता रडली. भिंतीपलीकडून कोंडाबाईने विचारलं, "काय गं, काय झालं?"

"कोंडाबाई, माझ्या साळूने आणखी मागितलं!"

कोंडाबाई राग विसरली. पण आत आली ती पाय न वाजवता, आणि कोपऱ्यात गुपचूप बसली.

पुढे त्या घरातली जेवणं गावात सर्वांत लांब चालायची. भात निवायचा, पुन्हा गरम व्हायचा. भिवाच्या गोष्टी संपायच्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायच्या. नदीवरून जाणाऱ्यांना साळूचं खिदळणं ऐकू यायचं. भिवा म्हातारा झाला, मंजुळाचे केस पिकले, साळू मोठी बाई झाली, आणि तिघं सुखाने, सावकाश जेवत राहिली.

चला, आता मिटा डोळे. कुणी काही बोलायचं नाही. निजा, माझ्या राजांनो.