सुतकाच्या घरची चिंधी

“हा तुकडा कुणाचा?”

“इंडिगो आहे, बाबा. खरी नीळ. गूळ घालून आंबवलेली.”

“नीळ कशी केली ते नाही विचारलं. तुकडा कुणाचा?”

निनाद खैरमोडेनं तुकड्यावरून अंगठा फिरवला.

“जुन्या धोतराचा आहे. हातमागावरच्या. सूतसुद्धा हातानं कातलेलं.”

“धोतर कोण नेसायचा?”

“ते... ते कसं कळणार, बाबा?”

लालशा बाबा खोकले. खोकला झाला, तरी बोट त्याच तुकड्यावर होतं.

भोकरवाडीच्या माळावर बाबांचा तकिया. तकिया म्हणजे उशी नव्हे, शहरातल्या मंडळींनी लगेच रेलू नये. एका पीराची जुनी कबर, तिच्यावर हिरवी चादर, एक पत्र्याची खोली, दारात चिंच आणि चिंचेला बांधलेली एक बकरी. फकिराची जागा ती एवढीच.

ह्या फकिरांच्या घराण्यात चेला करायची एक रीत होती. ज्यानं चेला व्हायचं त्यानं आपली कफनी आपण जमवायची. ज्या घरात माणूस गेलं असेल त्या घरी जायचं. मागायचं काही नाही. पाणी भरायचं, भांडी घासायची, रडणाऱ्यापाशी मुकाट बसायचं. उठताना त्या घरानं गेलेल्या माणसाच्या कापडाची चिंधी हातावर ठेवली तर घ्यायची. नाही ठेवली तर तसंच यायचं. अशा चिंध्या जोडून अंगभर कापड झालं की गुरूनं ती कफनी आपल्या हातानं अंगावर घालायची. मग तकिया त्याचा आणि कबरीवरचा दिवाही त्याचा.

बाबांचे आधीचे दोन चेले अर्ध्या बाहीवरच पळाले. एक आखातात गेला, दुसरा वडापची जीप चालवतो. बाबांचं वय झालेलं, छातीत सारखी घरघर. त्यांच्यामागं दिवा कोण लावणार, याची काळजी सगळ्या गावाला होती. लावायला मात्र कोणी पुढं येत नव्हतं.

आला तो निनाद. पुण्यात त्याचं ‘चिंधी’ नावाचं दुकान. नवं कापड हातानं फाडायचं आणि हातानंच ठिगळ लावायचं, असे कोट तिथं मिळतात. घेणारे रांग लावून घेतात. त्याच्या सदऱ्याला करवंटीची बटणं. पायांत टायरच्या चपला. आमच्याकडं त्या गरिबाच्या पायात असतात, त्याच्याकडं त्या ऑर्डर देऊन येतात. हसू नका, तुमच्याही बैठकीच्या खोलीत एक मातीचा रांजण कोरडा बसवलेला आहे.

माळाच्या खाली त्यानं मळा घेतला होता, विषमुक्त शेतीचा. आणि आई गेल्यापासून त्याला पुण्यात करमेनासं झालं होतं.

“मला काहीतरी खरं जगायचंय, बाबा,” असं म्हणून तो गेल्या वर्षी पायांशी बसला होता. डोळ्यांत पाणी होतं. ते काही करवंटीचं नव्हतं, खरं होतं.

बाबांनी त्याला रीत सांगितली होती. ‘चिंध्या जमव’ एवढं त्यानं ऐकलं आणि उरलेलं ऐकायच्या आत त्याच्या डोक्यात कफनी शिवूनसुद्धा झाली होती.

तीच आज आणली होती. केळीच्या सोपटाच्या पेटीत, वाळा घालून. कफनी सुंदर होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पीरसुद्धा उठून बघेल अशी होती.

“हा तांबडा?” बाबांनी बोट सरकवलं.

“मंजिष्ठा. मुळांचा रंग.”

“हा पिवळा?”

“डाळिंबाची साल.”

“झाडपाल्याचं सगळं नीट सांगतोस. माणसांचं सांग.”

निनादनं कफनीकडं पाहिलं, जणू तिच्यावर कुठं लिहिलेलं असेल.

चिंचेखाली हौसाबाई बसली होती. ती रोज दुपारी बाबांना भाकरी आणते आणि ताट रिकामं झाल्याशिवाय हलत नाही. तिचा मुलगा निनादच्या मळ्यावर राखणीला. त्यामुळं तिला दोन्हीकडं बोलायचा हक्क आहे असं ती समजते.

“घ्या की ओ, बाबा,” ती म्हणाली. “एवढं शिवून आणलंय लेकरानं. माझ्या नातवानं बी तसलीच फाटकी पँट आणली दुकानातनं. म्या शिवून दिली तर दोन दिस जेवला न्हाई.”

तेवढ्यात बकरीनं मान लांब केली आणि कफनीची बाही तोंडात धरली.

“राहू दे, राहू दे,” निनाद म्हणाला. “सगळं नैसर्गिक आहे, तिला काही होणार नाही.”

“तिला काय हुतंय,” हौसाबाई म्हणाली. “बाहीचं काय ऱ्हातंय ते बगा.”

बाबांनी बाही सोडवून घेतली. चावलेला भाग हातानं पुसला.

“कुणी शिवली?”

“आमच्याकडच्या बायका. गावोगावच्या. टाका बघा बाबा, मशीनला जमणार नाही.”

“तू?”

“मी डिझाइन केली.”

निनादचा चेहरा आता उतरत चालला होता. माणूस उतरायला लागला की दुसऱ्याचं ठिगळ शोधतो. त्याची नजर बाबांच्या अंगावरच्या कफनीवर गेली. काळपट, मेणचट, काहीच कशाशी न जुळणारी.

“बाबा, राग मानू नका. पण हे खांद्यावरचं... हे तर प्लास्टिक आहे.”

“युरियाच्या गोणीचं.”

“तेच म्हणतो मी. हे चालतं?”

“भामा बुरुडणीच्या घरचं आहे,” बाबा म्हणाले. “पोरगं गेलं तिचं. घरात धड असं जे कापड होतं, त्यात पोराला गुंडाळून नेलं. मी उठायला लागलो तर ती सगळीकडं शोधत सुटली. मग पोर ज्या गोणीवर निजायचं तिचा कोपरा फाडून दिला. म्हणाली, बाबा, एवढंच हाय.”

“...आणि हा?”

“छत्रीचं कापड. गणू न्हाव्याच्या घरचं. छत्री तेवढी त्याची स्वतःची होती.”

“हा निळा? हा टेरिकॉट आहे ना?”

“शाळेचा.”

बाबांनी पुढं काही सांगितलं नाही. हौसाबाई एकदम उठून बकरीला पाला टाकायला गेली. पाला आधीच टाकलेला होता. ती तिथंच पाठमोरी उभी राहिली.

निनादनं पुढं केलेलं बोट मागं घेतलं.

“तुझ्या घरचं कोण गेलं?” बाबांनी विचारलं.

“आई. गेल्या श्रावणात. सांगितलं होतं मी तुम्हाला.”

“तिचा तुकडा यात कुठला?”

निनादनं कफनी मांडीवर घेतली. उलटी केली, सुलटी केली. त्यालाच जास्त चांगलं ठाऊक होतं की तो तुकडा यात नाही.

“नाहीये, बाबा.”

“का?”

“आई नायलॉन नेसायची.”

“मग?”

“सिंथेटिक ते. यात बसलंच नसतं. रंग धरत नाही, हवा खेळत नाही, मातीत गेलं तरी कुजत नाही.”

पोरीत खोट काढायला आलेल्या पाहुण्यासारखं त्यानं हे म्हटलं. म्हटल्यावर स्वतःलाच ऐकू आलं असावं.

“का नेसायची नायलॉन?”

“सरकारी दवाखान्यात आया होती ती. डाग पडायचे रोज. नायलॉनची साडी रात्री धुतली की सकाळी वाळते. इस्त्री नको. सुती साडी एकच होती, ती माझ्या कॉलेजच्या कार्यक्रमाला नेसून आली होती. डिझाइनच्या कॉलेजच्या. मीच सांगितलं होतं, ती नेस म्हणून.”

“बाकीच्या कुठं आहेत?”

“दिल्या.”

“कुणाला?”

निनाद कफनीची चावलेली बाही सारखी करू लागला.

“कुणाला दिल्यास, बेटा?”

“आठवत नाही, बाबा.”

“मला दिल्या की,” हौसाबाई चिंचेकडनं म्हणाली. तिचा आवाज अजून जागेवर आला नव्हता. “मळ्यावर गठुळं टाकून गेला हुता तुमी. म्हनला, मावशी, कशालाबी वापरा.”

“नेसलीस?” बाबांनी तिला विचारलं.

“न्हाई बा. गेलेल्या बाईची साडी, मन हुईना. कुंपणाला बांधल्या समद्या. डुकरं भुईमूग उकरत हुती नव्हं का, रोजच्याला. साड्या बांधल्या तवापास्नं एक डुक्कर आत आलं न्हाई.”

“साडीला भितं डुक्कर?”

“साडीला कशाला भितंय. नवी बांधा, खुशाल आत येतंय. वापरलेली लागती. मानसाचा वास लागतो त्येला.”

“धुतलेल्या असतील की त्या.”

“धुतल्यानं जातोय व्हय? जलमभर अंगावर असल्याव.”

बाबांनी मान हलवली.

“म्हणजे डुकराला कळलं,” ते म्हणाले, “इथं एक बाई उभी आहे.”

माळावरून खालचा मळा दिसतो. भुईमुगाच्या कडेनं साड्या बांधलेल्या होत्या, वाऱ्यानं फुगत होत्या. मोठमोठ्या फुलांच्या, कसल्याही रंगांच्या. निनाद मळ्यावर आला की दरवेळी त्यांच्याजवळून जायचा. परवाच त्यानं हौसाबाईच्या मुलाला सांगितलं होतं, पाहुणे यायचेत, ते कुंपण फोटोत बरं दिसत नाही, काढून टाक, बांबूचं करू.

तो उठला. चपला न घालताच उतारावरून खाली गेला. टायरच्या चपला चिंचेखाली तशाच राहिल्या.

“काटं हायती,” हौसाबाई म्हणाली. पण त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं नाही.

तो परत आला तेव्हा हातात एक लांब पट्टी होती. हळदी रंगावर तपकिरी फुलं. गाठ मारलेली तिथं चुरगळलेली, बाकी अगदी तशीच. उन्हात राहून तिचं काही बिघडलं नव्हतं.

“ही ती रात्रपाळीला नेसायची,” तो म्हणाला.

त्यानं सुईदोरा मागितला. हौसाबाईनं खोलीतनं आणून दिला. कफनी मांडीवर घेऊन, बरोबर छातीवर, डाळिंबाच्या सालीच्या पिवळ्यावर त्यानं ती पट्टी ठेवली आणि शिवायला बसला. ‘चिंधी’ दुकानाचा मालक, पण सुई धरायची कशी हे त्याला जमेना. नायलॉन बोटांतनं निसटत होतं. टाका कुठं लांब, कुठं आखूड. सुई बोटात गेली, मंजिष्ठेच्या तांबड्यावर दुसरं तांबडं पडलं. त्यानं ते पुसलंही नाही.

हौसाबाईला राहवेना. ती मदतीला सरकली, तशी बाबांनी तिला नुसतं बघून थांबवलं.

शिवून झालं. पट्टी वाकडी बसली होती. पीर आता उठला नसता.

निनादनं कफनी दोन्ही हातांवर घेऊन पुढं केली. डोकं खाली.

“आता घाला, बाबा.”

“घाला की,” हौसाबाई हळूच म्हणाली. “कवापतूर वाट बगायची? आज तुमास्नी खोकल्यानं पायरी चढवत न्हाई. उद्या दिवा कोन लावंल हितं?”

बाबांनी कफनी घेतली. छातीवरची पट्टी तोंडाजवळ नेली. डोळे मिटले आणि तिच्यात नाक खुपसून हुंगत राहिले. बराच वेळ. खोकला आला तरी चेहरा वर केला नाही, तिच्यातच खोकले.

मग त्यांनी कांदा कापायची सुरी ओढली.

एक टाका उसवला. दुसरा उसवला. घाई नव्हती. निनाद सुरीच्या टोकाकडं बघत होता. हौसाबाईनं तोंड फिरवलं. पट्टी सुटून आली तशी बाबांनी ती मांडीवर सारखी केली, गाठीपाशी पडलेल्या चुण्या अंगठ्यानं काढल्या, घडी घातली.

घडी निनादच्या हातावर ठेवली. त्यांनी एकवार कबरीवरच्या दिव्याकडं पाहिलं.

“जा. ही तुला कुणी दिलेली नाही. जिथनं आणलीस तिथं बांधून ये,” बाबा म्हणाले. “दिवस कलला, डुकरं निघाली असतील.”