पखवाजाची ओली कणीक

भाविकहो, त्या वर्षी श्रीझोळीनाथ महाराजांचा मुक्काम बेलदऱ्यात होता. नदीकाठी सिद्धेश्वराचं देऊळ, देवळासमोर चिंचेचं झाड आणि झाडाखाली महाराजांचं कांबळं. महाराज गावात भिक्षा मागत आणि झोळीत पडेल ते आधी वाटेतल्या उपाशी माणसाला वाढत. उरलं तर स्वतः खात. बहुतेक दिवशी काही उरत नसे.

देवळाचं अंगण झाडायला रखमाजी गुरव येई. खाली मान घालून यायचं, खाली मान घालून जायचं. एके काळी याचा पखवाज ऐकायला पाच कोसांवरून माणसं येत, हे त्याच्याकडे बघून कुणाला खरं वाटलं नसतं. तेरा वर्षांत त्याने पखवाजाला हात लावला नव्हता. का, ते सांगताना आजही माझं डोकं तापतं. पण सांगायलाच हवं.

पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. त्याशिवाय तो घुमत नाही, नुसता टणटणतो. बेलदऱ्यात ही कणीक नरहरबुवा कुलकर्ण्यांच्या घरून येई. बुवांच्या अंगणात जमिनीखाली धान्याची दोन पेवं. मोठ्या दुष्काळात गाव झाडपाला शिजवून खात होतं, तेव्हाही देवाच्या भजनासाठी रोज संध्याकाळी त्यांच्याकडून मूठभर पीठ न चुकता आलं. केवढी ही भक्ती! भजन संपलं की ती कणीक खरवडून नदीत माशांना टाकायची, अशी रीत. त्या वर्षी नदीत मासे कुठले? चूळ भरायला पाणी नव्हतं. तरी रीत म्हणून कणीक कोरड्या वाळूत फेकायची! आणि देवळामागच्या खोपटात रखमाजीची पाच वर्षांची राही भुकेने डोळे पांढरे करून पडलेली. तिची आई आठ दिवसांपूर्वीच गेली होती.

एका संध्याकाळी रखमाजीने कणीक वाळूत फेकली नाही. घरी नेली, तव्यावर भाजली, पाण्यात कुस्करली आणि लेकीला भरवली. लेक तगली. पण नरहरबुवांनी ते पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी भरल्या देवळात त्यांनी त्याला ‘कणीकचोर’ म्हटलं, त्याच्या हातून पखवाज काढून घेतला आणि स्वतः बसले. बुवा वाजवतही बरं. कुठल्याशा संस्थानात त्यांना सोन्याचं कडं मिळालं होतं, ते दिसावं म्हणून बाही कोपरापर्यंत दुमडून बसत.

गाव हसलं, आणि हसतच राहिलं. दहा तोंडांनी चोर म्हटलं की निष्पाप माणसालाही आपण चोर वाटू लागतो. आपण देवाचं खाल्लं, हा हात आता देवापुढे उचलायचा नाही, असं रखमाजीच्या मनाने घेतलं. घरचा पखवाज त्याने वाद्या सैल करून आढ्याला टांगला.

एके सकाळी देवळात कुणी अभंग म्हणत होतं. झाडता झाडता रखमाजी थांबला. त्याची बोटं खराट्याच्या दांड्यावर ठेका धरत होती.

“रखमाजी,” महाराज म्हणाले, “बोटं काय म्हणतायत?”

त्याने हात धोतराआड लपवला. “काय न्हाई, महाराज. जुनी खोड हाय.”

“तेरा वर्षं उपाशी ठेवलीस, तरी मेली नाही. अशा खोडीला सेवा म्हणतात, बाळा. सप्ताहाचा काला आठ दिवसांवर आला. आजपासून पखवाज घेऊन बैस.”

“म्या चोर हाय, महाराज. आन् बोटांची तर लाकडं झाली.”

“चोर कोण ते मी बघतो. बोटांचं तू बघ. रोज घडीभर बसायचं. वाईट वाजेल, वाजू दे. दिवस मात्र चुकवायचा नाही.”

रखमाजीने पखवाज खाली काढला. पहिल्या दिवशी मनगट भरून आलं. दुसऱ्या दिवशी साधा ठेकाही चार आवर्तनं टिकेना, तेव्हा त्याने वाद्य बाजूला सारलं आणि रडला. राही आता अठरा वर्षांची होती, सप्ताहासाठी तान्हं बाळ घेऊन सासरहून आली होती. तिने पखवाज परत बापाच्या मांडीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी तिने कणकेचा गोळाही मळून आणला. तो पाहताच रखमाजीने पखवाज मागे ओढला.

“ती नको, पोरी. तेवढी आणू नगंस.”

“आबा, मी त्याच कणकेवर जगले ना?”

त्याने मान फिरवली. पण बसायचं सोडलं नाही. कणकेवाचून, टणटणत, तो रोज वाजवत राहिला. सहाव्या दिवशी बोटं आपसूक वळू लागली. डावं तोंड तेवढं मुकं होतं.

काल्याच्या कीर्तनाला सकाळी देऊळ गच्च भरलं. महाराजांच्या सांगण्यावरून रखमाजी पखवाज घेऊन आला आणि खांबाआड बसला. नरहरबुवांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

“अरे वा, रखमाजी!” बुवा सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. “कणकेची परात जरा लांब ठेवा रे. काल्याआधीच फराळ व्हायचा!”

देवळात हशा पिकला. रखमाजीने पखवाज उचलला आणि उठला. पुन्हा म्हणून या दारात यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

“खाली बैस!” महाराज गरजले. असा आवाज त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. हशा जागच्या जागी विरला. महाराज नुसतं एवढंच म्हणाले, “वाजवा बुवा. देवाला ऐकू द्या तुमचा हात.”

बुवांनी कणीक थापली, थाप मारली. कणीक गळून पडली. पुन्हा थापली, पुन्हा पडली. पीठ बदललं, पाणी बदललं, पीठ मळणाऱ्याला शिव्या घालून झाल्या. कणीक काही चिकटेना. कीर्तनकार टाळ धरून ताटकळले. बुवांच्या कपाळावरून घाम कड्यावर ठिबकू लागला.

मग महाराज उठून मधोमध उभे राहिले.

“चिकटेल कशी? दुष्काळात पखवाजाला कणीक होती आणि गुरवाच्या लेकराला नव्हती! दोन पेवं भरलेली आणि त्यांच्यावर दगड! कोरड्या वाळूत अन्न फेकलेलं तुमच्या देवाला चाललं आणि पाच वर्षांच्या पोरीच्या पोटात गेलेलं चाललं नाही? कुठला हा देव, नरहरी? मला तरी तो या गाभाऱ्यात दिसत नाही. आणि हसलात ते तुम्ही सगळे! लाज वाटू द्या!”

कुणाची मान वर होईना. महाराजांचा आवाज खाली आला.

“रखमाजी, वाजव.”

“महाराज, कणीक...”

“लागायची नाही. तेरा वर्षांमागे तू लावलीस, ती अजून ओली आहे.”

रखमाजीने राहीकडे पाहिलं. बाळाला मांडीवर घेऊन ती बायकांत बसली होती. त्याने डोळे मिटले आणि कोऱ्या डाव्या तोंडावर थाप मारली.

काय सांगू, भाविकहो! असा घुमारा उठला की गाभाऱ्यातली घंटा आपोआप थरथरली. ज्या तोंडाला चिमूटभर कणीक नव्हती, ते मेघासारखं गर्जत होतं. कीर्तनकारांनी अभंग उचलला, टाळ पडू लागले, आणि रखमाजीची लाकडं झालेली बोटं जणू एक दिवसही थांबली नव्हती.

नरहरबुवा उठले. कड्यावरून बाही खाली ओढली आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले.

“माझे कशाला? तुझ्या पेवातला दाणा जिला मिळाला नाही, तिचे धर.”

सगळ्या गावादेखत बुवांनी राहीपुढे कपाळ टेकलं. कणकेने भरलेले त्यांचे हात फरशीला चिकटले होते. “पोरी, चोर मी होतो,” ते म्हणाले.

रखमाजीने यातलं काहीच पाहिलं नाही. त्याचे डोळे अजून मिटलेले होते, आणि तो वाजवत होता.