तोंड नसलेली राजकन्या

एका राज्यात राणी मृगावती नांदत होती. हुकूम सोडावेत तिनं, हात हलवावेत दासींनी! राजवाड्याची रीतच तशी. राणीनं ताटाला नुसतं बोट लावायचं, लेकीला घास दासीनं भरवायचा, आणि तोच म्हणे आईच्या हातचा.

एकदा कालभद्र मांत्रिक दारी जेवायला आला. त्यालाही असंच बोट लावलेलं ताट दासीनं वाढलं. मांत्रिक भडकला. त्यानं मंत्र टाकला, आणि अंगणात खेळणाऱ्या राजकन्या केतकीची हिरवी अळी झाली. "आईच्या हातचा घास पोटात गेला, तरच सुटेल," म्हणाला आणि चालता झाला.

राणीच्या पिंजऱ्यात एक बोलकी साळुंकी होती. ती म्हणाली, "राणीसाहेब, कामं तीन. अक्रोडाची ताजी पानं चारा. ती कात टाकेल तेव्हा शिवू नका. कोश विणेल तो उघडू नका."

तिन्ही कामं झाली. राणीनं पानांच्या टोपलीला बोट लावलं, रेवा दासीनं पानं चारली. अळीनं चार वेळा कात टाकली, पानात गुंडाळून कोश विणला.

"आता लेकच बाहेर येणार," राणी म्हणाली.

कोश फुटला. निघाला पोपटी पंखांचा, लांब शेपट्यांचा पतंग! राणी केशरभात घेऊन धावली. जन्मात पहिल्यांदा तिनं स्वतः घास पुढे केला, आणि किंचाळली, "अगं बाई! हिला तोंडच नाही!"

"या जातीच्या पतंगाला नसतंच," साळुंकी म्हणाली. "खायचं ते अळीपणी. आता उरले सात दिवस."

"मग इतकी पानं खाल्ली ती?"

"ती रेवाच्या हातची."

सातव्या दिवशी पतंगानं एक अंडं घातलं आणि प्राण सोडला.

"मी मारली गं माझी पोर!" राणीनं ऊर बडवला.

"रडू नका," साळुंकी म्हणाली. "तिचा जीव अंड्यात आहे."

राणी उठली. रोज एकटी, अनवाणी डोंगर चढून अक्रोडाची ताजी फांदी आणू लागली. दहाव्या दिवशी अंडं फुटलं, केसाएवढी अळी वळवळली. सवयीनं रेवाचा हात पुढे आला.

"राहू दे गं रेवा. मी देते."

राणीनं कोवळं पान तोडून धरलं. अळीनं इवलासा लचका तोडला.

पुढ्यात केतकी उभी! तोंडात पान, तोंड वाकडं. "शी! आई, किती कडू गं!"

त्या दिवशी राणीनं केशरभाताचा पहिला घास केतकीला भरवला आणि दुसरा रेवाला. ताटाला बोट लावायची रीत त्या राज्यातून कायमची गेली.