टिंबी बेडकी आणि झोपलेले हुशारराव

हौसाक्काच्या रोपवाटिकेत एक मातीची थाळी होती. थाळीत पाणी. पाण्यात शेपट्या. शेपट्या म्हणजे टिंबी बेडकीचा धाकटा भाऊ. नुसतं डोकं आणि शेपूट.

हौसाक्का गेली बाजाराला. ऊन आलं. ऊन पाणी प्यायलं. गट गट गट. थाळीत उरला एक घोट.

"ताई, माझं पोट थाळीला लागतंय," शेपट्या म्हणाला.

"थांब हं. पाणी आणते."

टुप टुप, टुप टुप. टिंबी गेली नळाकडे.

"नळदादा, नळदादा, वाहा ना. थाळी भरत नाही, शेपट्या पोहत नाही."

"मोटर फिरली की मी वाहतो. त्याआधी नाही."

टुप टुप, टुप टुप. टिंबी गेली मोटरकडे.

"मोटरताई, मोटरताई, फिर ना. नळ वाहत नाही, थाळी भरत नाही, शेपट्या पोहत नाही."

"हुशाररावांनी सांगितलं की मी फिरते. त्याआधी नाही."

हुशारराव राहायचे भिंतीवरच्या पेटीत. ते बघायचे, विचार करायचे, ज्याला त्याला काम सांगायचे. फार हुशार. पण आत्ता झोपले होते. घुर्र घुर्र.

"हुशारराव, हुशारराव, उठा ना. मोटर फिरत नाही, नळ वाहत नाही, थाळी भरत नाही, शेपट्या पोहत नाही."

हुशारराव झोपेतच म्हणाले, "घंटा वाजली की मी उठतो. त्याआधी नाही."

टुप टुप, टुप टुप. टिंबी गेली घंटेकडे.

"घंटाबाई, घंटाबाई, वाज ना. हुशारराव उठत नाहीत, मोटर फिरत नाही, नळ वाहत नाही, थाळी भरत नाही, शेपट्या पोहत नाही."

"घड्याळानं सांगितलं की मी वाजते. त्याआधी नाही."

टुप टुप, टुप टुप. टिंबी गेली घड्याळाकडे.

"घड्याळकाका, घड्याळकाका, सांगा ना. घंटा वाजत नाही, हुशारराव उठत नाहीत, मोटर फिरत नाही, नळ वाहत नाही, थाळी भरत नाही, शेपट्या पोहत नाही."

"चार वाजले की मी सांगतो. अगदी रोज. हौसाक्का विसरते, मी विसरत नाही."

"आत्ता किती वाजले?"

"दोन."

"शेपट्याचं पोट थाळीला लागलंय, काका. चारपर्यंत कसं व्हायचं?"

टिक टिक. टिक टिक. मग काका म्हणाले, "दारावर डोळा आहे बघ. तो वेळ बघत नाही. समोर काही हललं की लगेच घंटेला सांगतो."

टुप टुप, टुप टुप. टिंबी गेली दाराशी.

"डोळेबुवा, डोळेबुवा, सांगा ना."

डोळा काहीच बोलला नाही. डोळ्याला कान कुठे असतात?

मग टिंबी चढली कुंडीवर. कुंडीवरून पानावर. पानावरून तिनं मारली उडी. टुप्प.

डोळा लुकलुकला.

घंटा वाजली. टिण टिण.

हुशारराव उठले. "कोण आलं? बेडकी आली. एवढ्या उन्हात का बरं आली? अरे, थाळी सुकली की."

मोटर फिरली. घूं घूं.

नळ वाहिला. भळ भळ.

थाळी भरली. शेपट्या पोहला. सुळुक सुळुक.

"ताई, तू काय सांगितलंस गं त्यांना?"

"काही नाही. उडी मारली."

चार वाजले. काकांनी सांगितलं. टिण टिण. हुशारराव पुन्हा उठले. थाळी पाहिली. "भरलेली आहे," म्हणाले. मग रोपांना पाणी दिलं आणि झोपले.

हुशारराव झोपले. मोटर झोपली. नळ झोपला. शेपट्या झोपला. टिंबी झोपली.

आता कोण राहिलं बरं झोपायचं?