कारल्याच्या कडू पाण्याची कहाणी

ऐक कारलबाई, तुझी कहाणी. एक आटपाट नगर, त्याच्या वेशीपाशी एक घर, घरात एकटी भिवराबाई. नवरा देवाघरी गेला, लेक येसू दूरच्या गावी दिली. बोलायला भिंती उरल्या. मग तिनं भाजी निवडणं सोडलं. एकटीसाठी कोण निवडतं? सकाळी दूधभात नि गूळ, संध्याकाळी गूळ नि दूधभात.

मग तिला तहान लागली, ती भागेना. पायांना मुंग्या आल्या, त्या जाईनात. खडा लागला, जखम भरेना. लेकीला भेटायचं होतं, पाऊल उचलेना. भिवराबाई उंबऱ्यात बसून रडली.

वाटेनं एक म्हातारी आली, डोक्यावर कारल्यांची पाटी. का रडतेस म्हणून विचारलं, हिनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "कारल्याचा वसा घे. श्रावणापासून दर मंगळवारी कारल्याची भाजी करून खा. गुळानं झाकू नको. कडू असेल ते पोटात जाऊ दे."

पहिल्या मंगळवारी भिवराबाईनं मूठभर गूळ घातलाच. जखम तशीच. दुसऱ्या मंगळवारी गूळ टाळला, पण जन्माची सवय. मीठ चोळलं, कारली घट्ट पिळली, हिरवं पाणी मोरीत ओतलं. जखम तशीच. म्हातारी आली, तिनं मोरी पाहिली. म्हणाली, "वसा मोरीला दिलास, आणि फळ तुला हवं?"

तिसऱ्या मंगळवारी तिनं पिळलं नाही. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, पण खाल्लं. कडू पोटात उतरलं, रक्तात मिसळलं, साचल्या गोडाला म्हणालं, ऊठ, कामाला लाग. श्रावण सरला, भादवा सरला. गूळ सणापुरता राहिला. तहान भागली, मुंग्या गेल्या, जखम भरली.

मग ती लेकीच्या गावी चालत गेली. भर दुपार होती. जावई व्यापाराला परदेशी गेलेला. येसू चुलीपाशी एकटी, उभ्यानंच दूधभात नि गूळ खात होती. आईनं विचारलं, भाजी कुठं आहे? येसू म्हणाली, "एकटीसाठी कोण निवडतं?"

भिवराबाई चुलीपाशी बसली. तिनं पदरातली कारली सोडली, विळी मांडली. "बैस. आज दोघींची चिरते." येसूनं पिळायला म्हणून मिठाकडे हात नेला. आईनं तो धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

कारलबाई भिवरेला पावली, तशी एकटीनं जेवणाऱ्या तुम्हां-आम्हां सगळ्यांना पावो, पानासमोर कुणी बसायला देवो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरी सरली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.